हाताच्या हाडांवरून लिंग-अनुमान : एका पद्धतीचा इतिहास



समजा, एखाद्या ठिकाणी पोलिसांना मानवी सांगाड्याचा फक्त एक हात सापडला. कवटी नाही, कटीर नाही. तपासात पहिल्यांदा विचारला जाणारा प्रश्न म्हणजे हा हात स्त्रीचा की पुरुषाचा? उत्तर बरोबर आले, तर बेपत्ता व्यक्तींच्या नोंदींचा मोठा भाग बाजूला ठेवता येतो. उत्तर चुकले, तर नेमकी हवी असलेली नोंदच बाजूला पडते आणि एखादे कुटुंब वर्षानुवर्षे वाट पाहत राहते. म्हणून हे उत्तर किती खात्रीचे आहे, हे सांगणे उत्तराइतकेच महत्त्वाचे आहे. या टिपणात आपण या खात्रीचा हिशेब कसा घडत गेला ते पाहू.

१. डोळ्यांनी पाहण्याचा काळ

पूर्वी तज्ज्ञ हाडे पाहून मत देत. त्यासाठी सर्वांत उपयोगी हाड म्हणजे कटीर, कारण बाळंतपणाशी संबंध असल्याने त्याचा आकारच स्त्री-पुरुषांत वेगळा असतो. विल्टन क्रोगमन यांनी 1962 च्या 'द ह्यूमन स्केलेटन इन फॉरेन्सिक मेडिसिन' या ग्रंथात कटीरावरून 95, कवटीवरून 92 आणि हातापायांच्या लांब हाडांवरून 80 टक्के अचूकता नोंदवली.

हाताची गोष्ट वेगळी आहे. एका हातात 27 हाडे असतात : मनगटाची 8, तळहाताची 5 (यांना मेटाकार्पल म्हणतात) आणि बोटांची 14. यांपैकी कोणत्याही हाडावर स्त्री-पुरुष फरकाची ठळक खूण नसते. फरक असतो तो मुख्यतः मापाचा. पुरुषांची हाडे सरासरीने लांब व जाड असतात. पण 'सरासरीने' हा शब्द विसरू नका. उंच स्त्रीचे हाड ठेंगण्या पुरुषाच्या हाडापेक्षा सहज मोठे असू शकते. त्यामुळे इथे नुसती नजर पुरत नाही, संख्याशास्त्र लागते.

२. नागपूर, कलकत्ता आणि केंब्रिज

या संख्याशास्त्राचा एक महत्त्वाचा धागा भारतातला आहे. 1920 मध्ये नागपूरला भारतीय विज्ञान काँग्रेसचे अधिवेशन भरले होते. तिथे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी कलकत्त्यातील अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचे विश्लेषण करण्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांना सांगितले. महालनोबीस भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्या कामातील पहिला लेख 1922 मध्ये निघाला.

त्यांच्यापुढचा प्रश्न असा होता : दोन गटांची अनेक मापे हाती असतील, तर ते गट एकमेकांपासून किती 'दूर' आहेत हे एका संख्येत कसे सांगायचे? मापे एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. ज्याचे एक बोट लांब, त्याची इतर बोटेही बहुधा लांबच. हा सहसंबंध हिशेबात धरून त्यांनी 1936 मध्ये आपले 'अंतर' मांडले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोनाल्ड फिशर यांनी आयरिस फुलांच्या पाकळ्यांच्या मापांवर विवेचक फलन, म्हणजे डिस्क्रिमिनंट फंक्शन, मांडले. अनेक मापांना योग्य भार देऊन एक बेरीज करायची. ती ठरावीक मर्यादेच्या वर गेली तर एक गट, खाली राहिली तर दुसरा.

1946 मध्ये कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतून सी. आर. राव केंब्रिजला गेले. सुदानमधील जेबेल मोया येथील प्राचीन सांगाड्यांच्या मापांवर त्यांनी ही साधने वापरली आणि 1948 मध्ये दोनपेक्षा अधिक गटांसाठी पद्धत विस्तारली.

३. हाडांपर्यंतचा प्रवास

1963 मध्ये जाइल्स व इलियट यांनी कवटीच्या मापांवरून लिंग ठरवण्यासाठी विवेचक फलने दिली. हाताच्या हाडांची पाळी त्यानंतर आली. शॉयर व एल्किंग्टन यांनी 1993 मध्ये मेटाकार्पल आणि अंगठ्याच्या बुडाकडील हाडासाठी सूत्रे प्रसिद्ध केली. 1995 मध्ये फाल्सेटी व 1996 मध्ये स्मिथ यांचे अभ्यास आले. दरम्यान 1994 मध्ये लेझनबी यांनी एक साधी पण महत्त्वाची अडचण दाखवली : उजव्या व डाव्या हाताची हाडे अगदी सारखी नसतात. म्हणजे उजव्या हाताचे सूत्र डाव्याला लावले, तर उत्तर बदलू शकते.

४. स्वतः करून पाहा

समजा, एका मेटाकार्पलची सरासरी लांबी पुरुषांत 67 मिमी, स्त्रियांत 63 मिमी आणि दोन्हीकडे प्रमाण विचलन 4 मिमी आहे (आकडे केवळ उदाहरणासाठी). अंतर झाले 4 ÷ 4 = 1. मर्यादा मध्यावर, 65 मिमीवर ठेवली, तर प्रसामान्य वितरणानुसार सुमारे 69 टक्केच हाडे बरोबर ओळखली जातील. अंतर 2 झाले तर सुमारे 84 टक्के, 3 झाले तर सुमारे 93 टक्के. म्हणजे अचूकतेची कमाल किती हे महालनोबीस अंतरच सांगते. मात्र पाचही मेटाकार्पलची लांबी मोजली म्हणून अंतर पाचपट होत नाही. सहसंबंधामुळे ते थोडेच वाढते. लांबीच्या जोडीला टोकांची रुंदी घेतली, तर नवी माहिती मिळण्याची शक्यता असते.

५. सूत्र वापरण्याआधी

पहिली गोष्ट : सूत्र ज्या लोकसमूहाच्या हाडांवर बसवले, त्याच्यापुरतेच ते भरवशाचे असते. सरासरीने मोठ्या हाडांच्या समूहावर बेतलेली मर्यादा लहान चणीच्या लोकांना लावली, तर अनेक पुरुष 'स्त्री' ठरतील. दुसरी : ज्या नमुन्यावर सूत्र बसवले त्यावरच ते तपासले, तर अचूकता फुगलेली दिसते, तपासणीसाठी वेगळा नमुना हवा. तिसरी : वयात येण्याआधीच्या मुलांना ही सूत्रे लागू नाहीत.

म्हणूनच आज 'निश्चिती'ऐवजी 'अनुमान' हा शब्द अधिक योग्य मानला जातो. आम्ही अभियांत्रिकीत कोणतेही माप सहनमर्यादेशिवाय लिहू देत नाही. मग ज्या अहवालावर एखाद्या मृताचे नाव अवलंबून आहे, त्यात नुसते 'स्त्री' किंवा 'पुरुष' लिहून कसे चालेल? संभाव्यता किती, सूत्र कोणत्या लोकसमूहाचे आणि हात कोणता, हेही त्यात यायलाच हवे.

विचारासाठी प्रश्न : वरील उदाहरणात 66 मिमीचे हाड मिळाले, तर तुम्ही अहवालात नेमके कोणते वाक्य लिहाल?