पिशवीची गोधडी, गोधडीची पिशवी

(हे आमच्या भागाचं लिखित रूप आहे. बोलताना भरभर निघून गेलेली सालं आणि नावं इथे सावकाश वाचता येतील.)

आजचा विषय काहींना फारच घरगुती वाटेल. कापडाचे छोटे छोटे चौकोन शिवायचे, ते जोडून क्विल्ट करायची, नाहीतर एखादा चौकोन लावून दोन बंदांची पिशवी शिवायची. मी गेली काही वर्षं हौसेने हे करते. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, "छान आहे गं, विकतेस का?" नाही म्हटलं की लगेच पुढचा, "मग एवढा वेळ कुठून मिळतो तुला?"

या दुसऱ्या प्रश्नाने मला या इतिहासात ओढलं. कारण क्विल्टच्या ब्लॉकची गोष्ट म्हणजे बऱ्याच अंशी बायकांनी वेळ कुठून काढला याचीच गोष्ट आहे. आणि ती वाचत गेलं की मागोमाग आणखी एक प्रश्न येतो. शिवलं कुणी, आणि नाव कुणाचं लागलं?

आधी शब्द समजून घेऊ. क्विल्ट म्हणजे तीन थर. वरचं दिसणारं कापड, मध्ये कापसाचा पातळ थर, खाली अस्तर, आणि तिन्हीतून आरपार जाणारा धावदोरा. आपल्या गोधडीची जवळची नातेवाईकच. पण एक मोठा फरक आहे. गोधडीत सहसा जुन्या लुगड्यांचे, धोतरांचे अख्खे थर एकावर एक अंथरतात, वर तुकडे बसवतात आणि कडेपासून आत टाके घालत जातात. म्हणजे पहिल्या टाक्यापासून काम पूर्ण आकाराचं. पसरायला जमीन हवी, बसायला सलग दुपार हवी. उत्तर कन्नडमधले सिद्दी, ज्यांच्या पूर्वजांपैकी अनेकांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात आणलं होतं, तेही आपली कवंदी अशीच कडेकडून आत शिवतात. चारही कोपऱ्यांवर घडी घातलेले तुकडे लावतात, त्यांना फुलं म्हणतात. ती नसतील तर कवंदी उघडी पडली असं मानतात.

अमेरिकन ब्लॉकची तऱ्हा वेगळी. साधारण १२ इंचांचा चौकोन, मांडीवर मावणारा. सगळ्यात सोपा 'नाइन पॅच' घ्या. चार-चार इंचांचे नऊ तुकडे, तीन ओळींत. प्रत्येक तुकडा साडेचार इंचांचा कापायचा, कारण चारी बाजूंनी पाव इंच माया सोडायची. (शिवणकामातला हा 'माया' शब्द मला मराठीतला सगळ्यात गोड तांत्रिक शब्द वाटतो.) भाजी चुलीवर आहे, पोर झोपलंय, दोन तुकडे जोडले, बाजूला ठेवले. उद्या पुढचे दोन. असे तीसेक चौकोन साठले की मग मोठी जागा आणि चार हात लागतात, तेवढ्यापुरत्या शेजारणी बोलवायच्या. तुटक वेळेतून अखंड वस्तू काढायची ही युक्ती आहे, आणि माझ्या मते ब्लॉकचं खरं यश नक्षीत नसून यात आहे.

पण ब्लॉक पहिल्यापासून नव्हता. अठराव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेतल्या श्रीमंत घरांतल्या क्विल्ट अख्ख्या कापडाच्या असत, नाहीतर मधोमध मोठी आकृती आणि भोवती किनारी. त्या मधल्या आकृतीसाठी सगळ्यात हवंहवंसं कापड होतं आपल्याकडचं, कोरोमंडल किनाऱ्यावरचं चीट. इंग्रजी 'चिंट्झ' हा शब्द आपल्या छींट-चीटचाच. धुतलं तरी न जाणारे लाल-निळे रंग युरोपला तेव्हा साधत नव्हते. या कापडाने तिथल्या विणकरांचं एवढं धाबं दणाणलं की फ्रान्सने १६८६ मध्ये त्यावर बंदी घातली, आणि इंग्लंडने १७०१ आणि १७२१ अशा दोन कायद्यांनी आधी आयात आणि मग वापरही रोखला. इंग्लंडमधली बंदी १७७४ पर्यंत टिकली. इतकं दुर्मीळ कापड कोण टाकून देणार? बायका जुन्या चिटावरची फुलं, पक्षी कातरून काढायच्या आणि साध्या कापडावर टाचायच्या. म्हणजे ज्याला आज अमेरिकन कला म्हणतात तिच्या सुरुवातीच्या पानांवर भारतीय रंगारी बसलेले आहेत. त्यांची नावं मात्र कुठे नाहीत.

मग कापड स्वस्त झालं, आणि का झालं तेही सांगायला हवं. १७९३ मध्ये इलाय व्हिटनीने सरकी काढायचं यंत्र केलं, १८२० च्या दशकात मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला गिरण्या उभ्या राहिल्या, आणि त्या गिरण्यांचा कापूस दक्षिणेत गुलामांच्या हातांनी वेचला जात होता. १८४० च्या आसपास छापील सुती कापड साध्या घरांच्या आवाक्यात आलं आणि ब्लॉकची पद्धत पसरली ती त्याच वेळी. क्विल्टकडे पाहून 'किती साधी, किती निरागस कला' असं कुणी म्हणालं की मला हे आठवतं.

याच काळात 'अल्बम क्विल्ट'ची लाट आली. प्रत्येक ब्लॉक वेगळ्या व्यक्तीने शिवायचा आणि त्यावर न पुसणाऱ्या शाईने आपलं नाव लिहायचं. पश्चिमेकडे कायमच्या निघालेल्या मैत्रिणीला अशी क्विल्ट दिली जायची. परत भेट होईल याची खात्री नसायची, म्हणून नावं सोबत. बाल्टिमोरमध्ये १८४६ ते १८५२ च्या दरम्यान शिवलेल्या अल्बम क्विल्ट तर आज संग्रहालयांचं वैभव आहेत. नाव लिहिलेल्या क्विल्टचा माग काढता येतो. बाकीच्या हजारोंच्या खाली संग्रहालयं 'निर्माती अज्ञात' अशी चिठ्ठी लावतात.

आता पिशवीकडे येते. माझा सगळ्यात आवडता भाग हाच.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेत पीठ, साखर, धान्य लाकडी पिंपांतून जायचं. पोत्याच्या शिवणीचा भरवसा नव्हता. १८४६ मध्ये इलायस हाउचं पेटंट आलं, १८५१ मध्ये सिंगरचं, आणि मशीनच्या पक्क्या टाक्याने पिंपाची जागा हळूहळू कापडी पिशवीने घेतली. मांजरपाटासारखं जाडंभरडं सुती कापड. पीठ संपलं की बाई ती पिशवी उसवायची. साखळी टाक्याची शिवण, बरोबर टोक सापडलं की एका ओढीत सगळी सुटते. तो दोराही गुंडाळून ठेवायचा, क्विल्टला नाहीतर क्रोशाला. शंभर पौंडाच्या पोत्यातून गजभराहून थोडं जास्त कापड निघे. तीन पोत्यांत मोठ्या बाईचा झगा. त्यातून उरलेले कोपरे क्विल्टच्या ब्लॉकमध्ये.

गिरणीवाल्यांना हे कळायला वेळ लागला नाही. १९२४ मध्ये असा बेल्स नावाच्या माणसाने, पुढे कपड्यासाठी वापरता येईल अशा नक्षीदार कापडाच्या पोत्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. ते सेंट लुईसच्या एका पीठगिरणीसाठी होतं. त्यानंतर फुलाफुलांची, चौकड्यांची पोती बाजारात येऊ लागली. कंपनीचं नाव कापडावर छापण्याऐवजी कागदी लेबलवर आलं, पाण्यात भिजवलं की निघणारं. कोंबड्यांचं खाद्य आणायला निघालेल्या नवऱ्याला बायको कापडाचा नमुना देऊन पाठवायची, की या नक्षीचं एक पोतं घरात आहे, जोडीचं आण. आणि मग तो बिचारा पोत्यांच्या थप्पीतलं नेमकं तळातलं पोतं मागणार. दुकानदाराची काय अवस्था होत असेल!

याच दिवसांत 'कॅन्सस सिटी स्टार' हे वर्तमानपत्र ब्लॉकचे नमुने छापू लागलं. १९२८ ते १९६१, हजारापेक्षा जास्त नमुने. शेतावरच्या बायका आपले नमुने पाठवायच्या, ते छापून यायचे, दुसऱ्या कातरून ठेवायच्या. 'अस्वलाचा पंजा', 'दारुड्याची वाट', 'उडती बदकं' असली नावं. मंदीच्या काळात पैसे नव्हते, पण पेपर, पोतं आणि तुटक वेळ होता.

आणि मग १९३३ साल. शिकागोला 'प्रगतीचं शतक' नावाचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सीअर्स या बड्या दुकानकंपनीने राष्ट्रीय क्विल्ट स्पर्धा जाहीर केली. पहिलं बक्षीस १,००० डॉलर. त्या मंदीत ही रक्कम म्हणजे अनेक घरांची वर्षभराची कमाई. सुमारे २४,००० क्विल्ट आल्या. जरा कल्पना करा, काही महिन्यांत, हातांनी, एवढ्या! बक्षीस मिळालं केंटकीतल्या लेक्सिंग्टनच्या मार्गारेट केडन यांना. त्यांच्या क्विल्टमध्ये ताऱ्यांचे ब्लॉक होते, आणि भरगच्च, फुगवून उठाव दिलेलं टाक्यांचं काम होतं. ती क्विल्ट अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांना भेट दिली गेली.

अट अशी होती की क्विल्ट स्पर्धकाने स्वतः शिवलेली हवी. केडनबाईंनी तसं लिहूनही दिलं होतं. प्रत्यक्षात त्यांनी एक टाकासुद्धा घातला नव्हता. त्यांचं भेटवस्तूंचं दुकान होतं, आणि मजुरीवर काम करणाऱ्या बायकांकडून त्यांनी ती शिवून घेतली होती. हजार डॉलरमधला वाटा त्या बायकांना मिळाला नाही. त्या बोलल्याही नाहीत, कारण बोललं तर पुढचं काम जाणार. ही हकिकत नीट जगासमोर आली ती मेरिके वाल्डव्होगेल आणि बार्बरा ब्रॅकमन या दोन अभ्यासक बायकांमुळे. त्यांचं या स्पर्धेवरचं पुस्तक १९९३ मध्ये निघालं, तब्बल साठ वर्षांनी. ती बक्षीसपात्र क्विल्ट आज कुठे आहे याचा पत्ता नाही.

मला या प्रकरणात लबाडीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकते. परीक्षकांना शंका का आली नाही? कारण क्विल्ट म्हणजे 'गृहिणीचा फावल्या वेळातला छंद' हे इतकं पक्कं डोक्यात बसलं होतं की यात मजुरी असू शकते, कुणी दर टाक्यामागे घर चालवत असेल, हा विचारच कुणाला शिवला नाही. आपल्याकडेही हे आहेच. गोधडी म्हटलं की आजीची माया आठवते. पण गल्लीत येऊन, दर ठरवून गोधड्या शिवून देणाऱ्या बायका कित्येक गावांनी पाहिल्यात. त्यांच्या हातची गोधडीही आपण 'आजीची गोधडी' म्हणूनच पांघरली.

पुढचं थोडक्यात सांगते. १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने क्विल्ट चित्रांसारख्या भिंतीवर टांगल्या आणि त्यांना 'कला' ही पदवी मिळाली. १९७९ मध्ये जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा कटर आणला. पिझ्झा कापतात तसा फिरवायचा, चार-सहा थर एकदम कापले जातात. कातरीने जायचे ते तास मिनिटांवर आले. आज माझ्यासारखी नोकरीवाली बाई रविवारी सकाळी दोन ब्लॉक उरकते त्याचं श्रेय या पात्याला.

एक मात्र जरा थांबून सांगते, ॲलाबामातल्या जीज बेंडबद्दल. नदीच्या वळणातली कृष्णवर्णीयांची वस्ती, बरेचसे गुलामीतून सुटलेल्यांचे वंशज. १९६६ मध्ये त्या परिसरातल्या बायकांनी 'फ्रीडम क्विल्टिंग बी' नावाची सहकारी संस्था काढली. मतदार म्हणून नाव नोंदवलं म्हणून काहींचं काम, घर गेलं होतं, त्यांना ही मिळकत हवी होती. १९७२ मध्ये त्यांना कॉर्डरॉयच्या उशांच्या अभ्र्यांचं मोठं काम मिळालं, आणि ते देणारी कंपनी तीच, सीअर्स. उरलेलं कॉर्डरॉय बायकांनी घरी नेलं आणि त्याच्या क्विल्ट शिवल्या. २००२ मध्ये त्यांच्या क्विल्ट ह्यूस्टन आणि न्यूयॉर्कच्या संग्रहालयांत झळकल्या, त्यातल्या काही त्याच उरल्यासुरल्या कापडाच्या होत्या. २००६ मध्ये टपाल तिकिटंही निघाली. यावेळी चिठ्ठीवर प्रत्येकीचं नाव होतं. तरी २००७ मध्ये काहीजणींना पैशाच्या आणि हक्कांच्या प्रश्नावर कोर्टात जावं लागलंच.

आता राहिली टोट बॅग. अमेरिकेत तिची एक प्रसिद्ध पूर्वज म्हणजे १९४४ मध्ये एल. एल. बीनने काढलेली, बर्फाच्या लाद्या वाहायची कॅनव्हासची पिशवी. आपल्याला मात्र पिशवी शिकवायला कुणी नको. जुन्या पँटच्या पायाची बाजाराची पिशवी, खांद्यावरची शबनम, आता खणाची पिशवी. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांवर बंदी आली तेव्हा कित्येक घरांत जुन्या चादरी बाहेर निघाल्या. पण एक हिशेब लक्षात ठेवा. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ मधल्या अहवालानुसार, नव्या सुती पिशवीचा हवामानावरचा भार एकदाच वापरलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीइतका व्हायला ती १३१ वेळा वापरावी लागते. कार्यक्रमात फुकट मिळालेल्या सहा टोट बॅगा कपाटात लोळत असतील तर पर्यावरणाचं काही भलं होत नाही. चिंध्यांतून शिवलेल्या पिशवीचा हिशेब वेगळा, तिच्यासाठी नवा कापूस पिकवावा लागला नाही.

शिवणाऱ्यांच्या भाषेत एक 'पोरका ब्लॉक' असतो. क्विल्टमधून उरलेला, माप चुकलेला, किंवा पुढचे एकोणतीस कधी झालेच नाहीत असा. तो पिशवीला लावायचा. ब्लॉकपेक्षा पिशवी थोडी मोठी, आतून जुन्या चादरीचं अस्तर, बंद कडेला चौकोनात शिवून वर फुली मारायची म्हणजे कांदे-बटाट्यांनी उसवत नाहीत. पोत्यातून ब्लॉक निघाला होता, आता ब्लॉक पुन्हा पिशवी होतो.

तुमच्याकडे जुनी गोधडी असेल तर घरच्या मोठ्यांना विचारा, शिवली कुणी, घरात की मजुरीने, आणि काय दर होता. जे नाव मिळेल ते आम्हाला आवाजी निरोपातून पाठवा. पुढच्या भागात ते वाचून दाखवू. भेटू, मंडळी.