टपालाने आलेला रामबाण

राजापूरजवळ मृडानी नदीच्या काठी धूतपापेश्वराचे देऊळ आहे. १८७२ साली कृष्णशास्त्री पुराणिकांनी पनवेलला आयुर्वेदिक औषधांचा कारखाना काढला, तेव्हा त्याला रत्नागिरी जिल्ह्यातल्या या देवाचे नाव दिले. नावात नवे काही नव्हते. नवे होते ते औषध आणि रोगी यांच्यातले अंतर. तोवर वैद्य आपल्या खलात मात्रा घोटायचा आणि समोर बसलेल्या माणसाला द्यायचा. आता औषध एका गावी तयार होणार आणि ते घेणारा कोण, त्याची प्रकृती काय, हे करणाऱ्याला कधीच कळणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बाजारात जी 'सर्व रोगांवर एकच' औषधे बोकाळली, त्यांचे खापर आपण सहसा विकणाऱ्याच्या लबाडीवर किंवा घेणाऱ्याच्या भोळेपणावर फोडतो. लबाडी आणि भोळेपणा दोन्ही फार जुने आहेत. त्या काळात नवे आलेले होते ते हे अंतर, आणि रामबाण औषधाचे कूळ तिथेच शोधले पाहिजे असे मला वाटते.

आधी कोकणातला रोगी बरे होण्यासाठी कुठे जात होता ते पाहू. त्वचारोग असला तर तो उन्हाळे, तुरळ किंवा आरवलीच्या गरम पाण्याच्या कुंडावर जाई. राजापूरची गंगा अवतरली की तिथे स्नानाला गर्दी होई. यांतही बरे होण्याचे आश्वासन होते, पण ते जागेला बांधलेले. पाणी घरपोच मिळत नव्हते. वैद्याचे आश्वासन तसेच माणसाला बांधलेले होते. नाडी पाहायची, जीभ पाहायची, काय खाल्ले ते विचारायचे, मग पथ्य सांगायचे. आणि गुण आला नाही तर वैद्यबुवा त्याच आळीत सापडत. थापा मारणारा वैदू गावोगाव फिरे हे खरे, पण पुढच्या वर्षी त्याच गावात यायचे असल्यामुळे त्याच्याही थापेला लगाम होता.

इंग्लंडात हे बंधन बरेच आधी सुटले होते. तिथल्या 'पेटंट' औषधांपैकी बहुतेकांना पेटंट नव्हतेच, कारण पेटंट घ्यायचे तर कृती उघड करावी लागते आणि धंदा तर गुपितावर चाललेला. सरकारने औषधांवर कर बसवला आणि पाकिटावर त्याचे तिकीट चिकटवणे सक्तीचे केले, तर लोक ते तिकीटच सरकारी शिफारस समजू लागले! टॉमस हॉलोवेने १८३७च्या सुमारास मलम आणि मग गोळ्या विकायला सुरुवात केली. १८८३मध्ये तो वारला तोवर त्याचा जाहिरातखर्च वर्षाला पन्नास हजार पौंडांच्या घरात गेला होता. बीचमच्या गोळ्यांची तर जाहिरातच अशी होती की डबी एक गिनी मोलाची आहे. १९०९मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनने अशा गुप्त औषधांचे पृथक्करण करून पुस्तक छापले. बीचमच्या गोळीत निघाले कोरफडीचा वाळलेला रस, सुंठ आणि साबण. एक शिलिंग दीड पेनीला मिळणाऱ्या छप्पन्न गोळ्यांच्या मालाची किंमत अर्धा फार्दिंग भरली. म्हणजे गिऱ्हाइकाने मोजलेले जवळजवळ सगळे पैसे आश्वासनाचे आणि ते त्याच्यापर्यंत पोहोचवण्याचे होते.

हे आश्वासन कोकणात पोहोचवले टपालाने. १८५४मध्ये देशभर एकसारखा टपालदर झाला, १८७७मध्ये व्ही.पी., म्हणजे पार्सल हाती आल्यावर टपालखात्याकडे पैसे भरण्याची सोय, सुरू झाली आणि १८८०मध्ये टपालाची मनिऑर्डर. वर्तमानपत्रे होतीच, रत्नागिरीचे 'सत्यशोधक'ही १८७१पासून निघत होते. मुंबईच्या गिरणीतला चाकरमानी पैसे पाठवी, घरचे लोक त्यातून औषधाची व्ही.पी. सोडवून घेत. पावसाळ्यात आगबोटी बंद, खाड्या फुगलेल्या, सरकारी दवाखाने अख्ख्या जिल्ह्यात मोजके. अशा मुलखात घरातल्या फडताळात एक बाटली असणे हा शहाणपणाच होता. पण ती एक बाटली कुणाच्याही कशालाही चालली पाहिजे. खोकला आजोबांना, जंत पोराला, बाळंतरोग सुनेला. विकणाऱ्याला यातले कोण विचारणार आहे ते माहीत नाही. म्हणून लेबलावरची रोगांची यादी लांबत गेली. वैद्य रोग्याकडे पाहून औषध निवडतो. टपालाच्या धंद्यात रोग्याने यादी वाचून स्वतःचा रोग निवडायचा असतो. शिवाय बंद पार्सलाची एक सोय होती, तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. धातुदौर्बल्य, गरमी, परमा हे रोग ओळखीच्या वैद्यापुढे काढायची लाज वाटे. पत्र लिहायला लाज नव्हती. अनोळखीपणा हा रोगाच्या निदानातला दोष, पण विक्रीत तोच गुण ठरला.

यावर जाणकार हरकत घेतील की सर्वरोगहर औषधे आपल्याकडे हजार वर्षांपासून आहेत. रसग्रंथांतली फलश्रुती काढून पाहा. एकेका रसायनाने जरा-व्याधी पळतात, क्षयापासून वातापर्यंत सगळे बरे होते. मग पाश्चात्त्य बाजाराला आणि टपालाला दोष का? हरकत वजनदार आहे, पण फलश्रुती कुणासाठी लिहिलेली होती हे ती विसरते. ती वैद्यासाठी होती, आणि तिच्याशेजारी अनुपान होते. एकच मकरध्वज कुणाला मधातून, कुणाला आल्याच्या रसातून, कुणाला विड्याच्या पानाच्या रसातून. औषध एक, पण कोणत्या रोगाला कशातून द्यायचे हा निर्णय वैद्याचा. अनेक रोगांवर एक औषध ही कल्पना त्या निर्णयावर उभी होती. लेबलाने फलश्रुती उचलली आणि निर्णय गाळला. फार तर 'मधातून दोन वेळा' एवढे उरले. भाषा ग्रंथाची राहिली, पण तिचा वाचक बदलला, आणि वाचक बदलला की तेच वाक्य खोटे होऊ शकते.

दुसरी हरकत मला जास्त अवघड वाटते: ही औषधे पुष्कळदा लागू पडत. जॉन कॉलिस ब्राउन या लष्करी डॉक्टरने १८४८मध्ये हिंदुस्थानात असताना पटकीसाठी क्लोरोडाइन तयार केले. त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होते. जुलाब थांबे, कळ थांबे, झोप लागे. ज्याने हे पाहिले त्याने पुढची बाटली मागवली तर त्याला अडाणी कसे म्हणावे? पटकी मात्र त्याने बरी होत नव्हती, आणि अफूची सवय लागे ती वेगळीच. पण लागू पडणे पुरेसे असते, तर भाऊ दाजी लाडांचे औषध घरोघर गेले असते. त्यांनी मुंबईत महारोग्यांना कोकण-गोव्यात होणाऱ्या कौटीच्या बियांचे तेल दिले, आहारावर कडक नियंत्रण ठेवले, आणि १८६८पर्यंत त्यांना उल्लेखनीय गुण दिसू लागला होता. निष्कर्ष छापण्याआधीच १८७४मध्ये ते वारले. याच जातीची तेले पुढे सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोगावरचा मुख्य उपचार होती. असे असून कौटीचे तेल रामबाण म्हणून खपले नाही. त्याला महिनोन्‌महिने पथ्य लागे, रोगी डोळ्यांसमोर लागे. पार्सलात मावण्याजोगे ते नव्हते.

याचा अर्थ कारखान्यात झालेले प्रत्येक औषध फसवे, असा नाही. ग्रंथोक्त पाठाप्रमाणे आसवे, अरिष्टे, भस्मे मोठ्या प्रमाणावर करणे आणि ती गावच्या वैद्याला पुरवणे हा एक मार्ग. गुप्त कृतीला आकर्षक नाव देऊन ती थेट रोग्याला विकणे हा दुसरा. दोन्ही एकाच टपालाने आले, म्हणून ते एक होत नाहीत. आपला कायदाही दोन्ही ओळखतो: ठरलेल्या ग्रंथांतल्या पाठानुसार केलेली औषधे वेगळी, आणि घटक ग्रंथातले पण पाठ स्वतःचा असलेली 'पेटंट किंवा प्रोप्रायटरी' औषधे वेगळी. १९५४च्या कायद्याने तर औषधाला हात न लावता जाहिरातीलाच हात घातला. त्याच्या परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, महारोग असे रोग नावानिशी दिलेले आहेत आणि त्यांच्यावरच्या उपायाची जाहिरात लोकांत करायला बंदी आहे. त्याच कायद्यात एक सूट आहे, तिच्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही: नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाला, फक्त त्यालाच, ठरलेल्या पद्धतीने गोपनीय म्हणून पाठवलेल्या जाहिरातीला ही बंदी लागू नाही.