धूळनिर्मिती, वाऱ्यामुळे होणारी

वाऱ्याबरोबर उडणारे वाळूचे कण कोरड्या, उघड्या जमिनीवर आदळून तिच्यातील सूक्ष्म धूळ हवेत मोकळी होण्याची प्रक्रिया. वाळवंटे, आटलेल्या सरोवरांचे तळ आणि पिकाचे आच्छादन नसलेली शेते ही तिची प्रमुख क्षेत्रे होत.

कणांची हालचाल : कण जितका बारीक तितका वारा तो सहज उचलतो, हे एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. कणाचे वजन व्यासाच्या घनाच्या प्रमाणात घटते, तर कणांमधील परस्पर आकर्षण साधारणपणे व्यासाच्याच प्रमाणात घटते. त्यामुळे काही मायक्रोमीटर (१ मायक्रोमीटर = मिलिमीटरचा हजारावा भाग) व्यासाची धूळ मातीला किंवा मोठ्या कणांना घट्ट चिकटून राहते. वाऱ्याने सर्वांत सहज हलतात ते सुमारे ७५ ते १०० मायक्रोमीटर व्यासाचे, म्हणजे बारीक वाळूचे कण. साधारण ७० ते ५०० मायक्रोमीटरचे कण जमिनीलगत उड्या घेत पुढे जातात. या गतीला ‘सॉल्टेशन’ म्हणतात. त्याहून जाड कण घरंगळतात, तर सुमारे २० मायक्रोमीटरपेक्षा लहान कण एकदा सुटले की दीर्घकाळ तरंगत राहतात. ब्रिटिश सैन्यातील अभियंते राल्फ बॅगनॉल्ड यांनी लिबियाच्या वाळवंटातील निरीक्षणे आणि वातबोगद्यातील प्रयोग यांच्या आधारे या विषयावर १९४१ मध्ये प्रसिद्ध केलेला ग्रंथ पायाभूत मानला जातो.

आघात व धूळ : उडी घेतलेला कण वाऱ्याकडून वेग घेतो आणि तिरका खाली येऊन आदळतो. या आघाताने मातीची ढेकळे फुटतात, वाळूवरील चिकणमातीचा लेप खरवडला जातो आणि आणखी वाळू उसळते. तिच्या आघातांनी ही क्रिया वाढत जाते. आफ्रिकेतील चाड देशातील बोडेले खोलगट भागात प्राचीन सरोवरातील डायाटमांच्या (सूक्ष्म शैवालांच्या) अवशेषांचे ठिसूळ थर आहेत. त्यांचे तुकडे उड्या घेताना एकमेकांवर आणि जमिनीवर आपटून स्वतःच झिजतात. हा भाग जगातील धुळीच्या सर्वांत मोठ्या उगमांपैकी एक आहे.

प्रदूषण : १० मायक्रोमीटरपर्यंतचे कण (पीएम १०) श्वसनमार्गात शिरतात, २.५ मायक्रोमीटरपर्यंतचे (पीएम २.५) फुप्फुसांत खोलवर पोहोचतात. भारतात पीएम १० ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, तर पीएम २.५ ची ६० मायक्रोग्रॅम आहे. अशी धूळ उगमापासून फार दूर जाते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानच्या बाजूने अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबईतील दृश्यमानता घटली होती.

नियंत्रण : कॅलिफोर्नियातील ओवेन्स सरोवराला मिळणारे पाणी १९१३ पासून कालव्याने लॉस एंजेलिसकडे वळवले गेले आणि सरोवर आटले. त्याचा क्षारयुक्त तळ पुढे अमेरिकेतील पीएम १० चा सर्वांत मोठा एकल उगम ठरला. तेथे धूळ कोठून उठते हे ठरवण्यासाठी जमिनीलगत सरकणारी वाळू मोजली जाते. तळावर उथळ पाणी पसरणे, क्षार सोसणारे गवत लावणे आणि खडी अंथरणे हे तेथील मुख्य उपाय आहेत. ओलावा कणांना बांधून ठेवतो, गवत जमिनीलगतचा वारा मंद करते आणि खडी आघात झेलते. जमिनीवरील नैसर्गिक पापुद्राही असेच संरक्षण देतो. वाहनांनी किंवा गुरांच्या खुरांनी तो फुटला की कमी वेगाच्या वाऱ्यातही धूळ उठू लागते.