शाळेतून क्लबाकडे : दक्षिण वेल्समधील रग्बी आणि माध्यमिक शिक्षण (१८८९–१९९५)

खेळाचा इतिहास म्हणजे सामन्यांची आणि विक्रमांची जंत्री, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. वस्तुतः एखादा खेळ एखाद्या समाजात कसा रुजतो, त्यात पुढे कोण येतो आणि कोण मागे राहतो, हे प्रश्न शिक्षण, रोजगार आणि वर्ग यांच्या इतिहासापासून वेगळे काढता येत नाहीत. प्रस्तुत टिपणात दक्षिण वेल्समधील रग्बीचे उदाहरण घेऊन या संबंधाचा विचार करावयाचा आहे. शाळेत खेळणारा मुलगा मोठ्या क्लबच्या पहिल्या संघापर्यंत कोणत्या वाटेने पोहोचत असे, ती वाट कोणी बांधली आणि ती कशामुळे मोडली, एवढ्यापुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

या विषयाभोवती एक लोकप्रिय आख्यायिका आहे. वेल्समध्ये चांगला खेळाडू हवा असेल तर कोळशाच्या खाणीच्या तोंडाशी उभे राहून शीळ घालावी, म्हणजे तो आपोआप वर येतो, असे तेथे गमतीने म्हणत असत. गुणवत्ता ही मातीतून उगवते, तिला संस्थेची गरज नसते, असा या विनोदाचा गर्भितार्थ आहे. डेव्हिड स्मिथ आणि गॅरेथ विल्यम्स यांनी १९८० साली प्रसिद्ध केलेल्या वेल्श रग्बीच्या इतिहासाने या समजुतीच्या मागे असलेले सामाजिक वास्तव प्रथम विस्ताराने मांडले. त्या दिशेने पाहू लागल्यास खाणीइतकेच, किंबहुना काही बाबतींत खाणीहून अधिक, श्रेय माध्यमिक शाळेला द्यावे लागते, असे दिसून येईल.

१

रग्बीचा उगम इंग्लंडमधील रग्बी या गावच्या निवासी शाळेत झाला. त्या शाळेतील मुलांनी आपले नियम १८४५ साली प्रथम लेखनिविष्ट केले. पुढे शाळा सोडलेल्या तरुणांना तोच खेळ चालू ठेवावासा वाटला, आणि त्यातून क्लब निर्माण झाले. ब्लॅकहीथ (१८५८) आणि रिचमंड (१८६१) ही त्याची ठळक उदाहरणे होत. १८७१ साली इंग्लंडची रग्बी संघटना स्थापन झाली तेव्हा तिचे नियम ज्या तिघांनी तयार केले ते तिघेही रग्बी शाळेचेच माजी विद्यार्थी होते. म्हणजे शाळेतून क्लबाकडे जाण्याचा मार्ग येथे मुद्दाम आखावा लागला नाही. माजी विद्यार्थ्यांचा स्नेहबंध हाच तो मार्ग होता. मात्र ज्याला अशा शाळेचा खर्च परवडत असे त्याच्यापुरताच तो खुला होता.

वेल्समध्येही खेळ आला तो याच वाटेने. लॅम्पीटर येथील सेंट डेव्हिड्स कॉलेज, लॅन्डव्हरी आणि ब्रेकन येथील शाळा ही त्याची आरंभीची केंद्रे होत. परंतु १८८१ साली नीथ येथे वेल्सची स्वतंत्र संघटना स्थापन झाली त्या सुमारास कोळसा, पोलाद आणि कथिलाचा मुलामा दिलेले पत्रे यांच्या उद्योगांमुळे दक्षिणेकडील खोऱ्यांत माणसांची दाटी होऊ लागली होती. कामगार खेळाकडे वळला, आणि पाहता पाहता खेळ त्याचा झाला. उत्तर इंग्लंडमध्येही असेच घडले होते; पण तेथे बुडालेल्या मजुरीची भरपाई खेळाडूस द्यावी की नाही या वादातून १८९५ साली खेळ दुभंगला, आणि कामगारांचे क्लब बाहेर पडून त्यांनी आपली निराळी संघटना उभारली. पुढे रग्बी लीग या नावाने ओळखला गेलेला, खेळाडूंना उघडपणे पैसे देणारा खेळ तो हाच. वेल्समध्ये अशी फाळणी झाली नाही. डॉक्टर, वकील, शिक्षक आणि खाणकामगार एकाच संघात खेळत राहिले. या एकत्र खेळण्यामागे जी व्यवस्था होती तिचा उगम एका शिक्षणविषयक कायद्यात शोधावा लागतो.

२

१८८९ च्या वेल्श माध्यमिक शिक्षण कायद्याने तेथील परगण्यांना माध्यमिक शाळांसाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसविण्याचा अधिकार दिला, आणि त्याच्या जोडीला सरकारी अनुदानाची तरतूद केली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत अशा शाळांची संख्या नव्वदच्या घरात गेली. सार्वजनिक पैशावर चालणारे माध्यमिक शिक्षण इंग्लंडला १९०२ च्या कायद्यानंतर लाभले. वेल्सला ते एक तप आधी मिळाले होते. या शाळांत दुकानदार, कारकून आणि खाणकामगार यांची मुले एका वर्गात बसत. शिक्षक बहुधा विद्यापीठात शिकून आलेले असत, आणि येताना ते पुस्तकांबरोबर रग्बीही घेऊन येत.

प्राथमिक शाळांतील मुलांसाठी १९०३ साली वेल्श शालेय रग्बी संघटना निघाली. त्यामुळे लहान वयात खेळ शिकण्याची सोय दोन्ही प्रकारच्या शाळांत झाली. खरा भेद पडे तो त्यानंतर. प्राथमिक शाळेतील मुलगा चौदाव्या वर्षी, आणि १९१८ च्या कायद्यापूर्वी कित्येकदा त्याहूनही लवकर, खाणीत वा कारखान्यात जाई. माध्यमिक शाळेतील मुलगा अठराव्या वर्षापर्यंत शाळेतच राही. चौदा ते अठरा ही चार वर्षे खेळाडूच्या घडणीत निर्णायक असतात. या वयात शरीर भरते. खेळाची समज येते ती याच वयात. ज्याला ही वर्षे मैदानावर शिक्षकाच्या नजरेखाली मिळाली तो, आणि ज्याने ती जमिनीखाली कोळसा फोडण्यात घालविली तो, असे दोघेही अठराव्या वर्षी एकाच क्लबच्या दारात उभे राहात. परंतु दोघांजवळची शिदोरी एक नसे.

रग्बीच्या संघरचनेतच या भेदाला जागा होती. पंधरा खेळाडूंपैकी आठ फॉरवर्ड झुंजीत रेटा देतात आणि चेंडू मिळवितात. मागचे सात तो घेऊन धावतात. आणि या दोहोंना जोडणारे दोन हाफ-बॅक डावाची दिशा ठरवितात. कष्टाने कमावलेले अंग फॉरवर्डला उपयोगी पडते. हाफ-बॅकला मात्र वर्षानुवर्षांचा सराव, जोडीदाराची सवय आणि चुका करण्याची मोकळीक लागते. वेल्श संघांत पुढची फळी बहुतांशी खाणी आणि भट्ट्यांमधून, तर मागची फळी बहुतांशी माध्यमिक शाळांतून आली, हा योगायोग नव्हे. अर्थात हा नियम निरपवाद नाही.

३

या व्यवस्थेची कसोटी दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लागली. कोळशाचा धंदा बसला, १९२६ च्या दीर्घ टाळेबंदीने खोरी खंगली, आणि दोन दशकांत सुमारे चार लाख माणसे वेल्स सोडून गेली. क्लबांच्या तिजोऱ्या रित्या झाल्या. अनेक गुणी खेळाडू पोटासाठी उत्तर इंग्लंडमधील रग्बी लीगकडे गेले. आणि एकदा तेथे पैसे घेऊन खेळलेल्यास मूळ खेळाची दारे कायमची बंद होत. खाणीची वाट अशी आटत असता शाळेची वाट मात्र करांच्या आणि अनुदानाच्या आधारावर चालू राहिली.

२८ सप्टेंबर १९३५ रोजी स्वान्सी क्लबने न्यूझीलंडच्या संघाचा ११–३ असा पराभव केला. ब्रिटनमधील कोणत्याही क्लबला तोपर्यंत हे साधलेले नव्हते. त्या दिवशी स्वान्सीचे दोन्ही हाफ-बॅक, हेडन टॅनर आणि विली डेव्हिस, हे गोवरटनच्या माध्यमिक शाळेचे विद्यार्थी होते. दोघे एकमेकांचे आतेमामे वा चुलत असे भावंडांच्या नात्यातले, आणि शाळेच्या संघात एकत्र वाढलेले. न्यूझीलंडच्या कर्णधाराने, आपण शाळकरी मुलांकडून हरलो हे मायदेशी कळवू नका, अशी विनवणी केल्याची कथा आजही सांगितली जाते. कथेतील गमतीचा भाग सोडून दिला तरी तिच्यातील तथ्य उरतेच : क्लबला ही जोडी घडवावी लागली नाही, शाळेने ती घडवून दिली होती, आणि क्लबने ती उचलण्याचे धैर्य दाखविले.

या दोघांचे पुढील आयुष्यही उद्बोधक आहे. टॅनर त्याच वर्षी डिसेंबरात वेल्सकडून न्यूझीलंडविरुद्ध खेळला. वेल्सने तो सामना १३–१२ असा जिंकला. पुढे त्याने वेल्सचे नेतृत्व केले आणि १९४९ पर्यंत तो देशासाठी खेळत राहिला. डेव्हिस १९३९ साली ब्रॅडफर्ड नॉर्दर्न या रग्बी लीगच्या क्लबकडे गेला. एकाच शाळेने एकाच वेळी घडविलेल्या दोन खेळाडूंच्या वाटा अशा फुटल्या. मुलाला क्लबपर्यंत पोहोचविणे शाळेच्या हाती होते. तेथे त्याला टिकवून धरणे तिच्या हाती नव्हते.

४

१९४४ च्या शिक्षण कायद्याने सरकारी माध्यमिक शाळांतील शुल्क रद्द झाले, आणि कामगारांच्या मुलांना, अकराव्या वर्षीची परीक्षा उत्तीर्ण झाल्यास, ही वाट अधिक मोकळी झाली. केव्हनैथिन या खाणकामगारांच्या गावातील कार्विन जेम्स आणि त्याच्याहून पंधराएक वर्षांनी लहान असलेला बॅरी जॉन हे दोघेही खाणकामगारांचे पुत्र. दोघेही ग्वेन्ड्रैथच्या ग्रामर स्कूलमध्ये शिकले, आणि दोघेही लॅनेली क्लबकडून खेळले. बॅरी जॉनला तर शाळेत असतानाच लॅनेलीने संधी दिली. १९७१ साली ब्रिटिश लायन्स संघाने न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकली तेव्हा जेम्स त्या संघाचा मार्गदर्शक होता आणि जॉन त्याचा आउटसाइड-हाफ. त्याच संघातील गॅरेथ एडवर्ड्स हाही खाणकामगाराचा मुलगा. पॉन्टारडावे येथील शाळेत बिल सॅम्युएल या क्रीडाशिक्षकाने त्याचे गुण हेरले, आणि मिलफील्ड या इंग्लंडमधील खर्चिक शाळेत त्याला प्रवेश मिळवून देण्यासाठी खटपट केली. शाळा हे दार असले तरी ते उघडणारा हात शिक्षकाचा होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

क्लबांच्या बाजूने एक गोष्ट या वाटेस पोषक होती, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. १९९० पर्यंत वेल्समध्ये क्लबांची राष्ट्रीय साखळी स्पर्धाच नव्हती. क्लब परस्परांशी वर्षानुवर्षे ठरलेले सामने खेळत; हरल्यास प्रतिष्ठा जाई, पण खालच्या गटात ढकलले जाण्याची भीती नसे. त्यामुळे आठवड्यातील एखाद्या दुय्यम सामन्यात शाळकरी मुलाला खेळवून पाहणे निवड समितीला परवडत असे. कीथ जॅरेट मॉन्मथच्या शाळेतून बाहेर पडून न्यूपोर्ट क्लबमध्ये आल्यानंतर काही महिन्यांतच, १५ एप्रिल १९६७ रोजी, इंग्लंडविरुद्ध वेल्सकडून उतरला आणि अठराव्या वर्षी त्याने १९ गुण मिळविले. शाळा, क्लब आणि देश या तीन पायऱ्यांमधील अंतर इतके थोडे होते.

५

ही व्यवस्था मोडली ती एका घावाने नव्हे. परंतु १९८४ ते १९८६ ही वर्षे त्या दृष्टीने निर्णायक ठरली. १९८४–८५ च्या संपाच्या पराभवानंतर खाणी झपाट्याने बंद पडल्या. नेमक्या त्याच सुमारास इंग्लंड आणि वेल्समधील शिक्षकांनी वेतनाच्या प्रश्नावर आंदोलन आरंभिले आणि शाळेच्या वेळेबाहेरचे काम थांबविले. शनिवारचे शालेय सामने बंद पडले. त्यानंतर, १९८७ च्या कायद्याखाली, शिक्षकाच्या सक्तीच्या कामाचे तास वर्षाला १,२६५ असे ठरवून देण्यात आले. आजवर जे काम वृत्ती म्हणून होत होते ते आता मोजणीच्या बाहेरचे ठरले. वेल्श रग्बीच्या दोन वाटांपैकी एक खाणीबरोबर बुजली, आणि दुसरी शाळेच्या रिकाम्या मैदानावर संपली. १९८८ साली न्यूझीलंडने वेल्सचा ५२–३ आणि ५४–९ असा पराभव केला. या पराभवांचे सारे खापर शाळांवर फोडणे अनैतिहासिक होईल. रग्बी लीगकडे जाणाऱ्यांचा ओघ आणि संघटनेतील अनास्था ही कारणेही होतीच.

ऑगस्ट १९९५ मध्ये रग्बीत वेतन अधिकृत झाले. २००३ साली वेल्समध्ये प्रादेशिक व्यावसायिक संघ निर्माण करण्यात आले, आणि होतकरू मुलांना हेरून शिकविण्याचे काम या संघांच्या अकादमींकडे गेले. शाळेची भूमिका सर्वस्वी संपली नाही. परंतु निवडीचा अधिकार शिक्षकाकडून वेतनभोगी मार्गदर्शकाकडे गेला. अकादमी मुलाकडे पाहते ती भावी खेळाडू म्हणून. ग्रामर स्कूल त्याच्याकडे विद्यार्थी म्हणून पाहत असे. तो खेळाडू झाला नाही तरी त्याच्या हाती शिक्षण उरत असे. अर्थात अकराव्या वर्षीच्या परीक्षेत नापास झालेल्या मुलाला त्या जुन्या व्यवस्थेत ही दुहेरी प्राप्ती लाभत नसे, हेही विसरून चालणार नाही.

या विवेचनावरून एक निष्कर्ष काढता येतो. ज्या गुणवत्तेस वेल्समध्ये नैसर्गिक देणगी मानले गेले तिच्या मुळाशी अर्ध्या पेनीचा कर, चार अधिक वर्षांचे शिक्षण आणि शिक्षकाने विनामोबदला दिलेला शनिवार या तीन गोष्टी होत्या. यांपैकी पहिल्या दोहोंची नोंद कायद्याच्या पुस्तकांत सापडते. तिसरीची नोंद शाळांच्या वार्षिकांत, क्लबांच्या इतिवृत्तांत आणि वृद्ध खेळाडूंच्या आठवणींत विखुरलेली आहे. सामन्यांच्या निकालाइतकीच ती साधने जपून ठेवली गेली, तरच खेळाच्या इतिहासाला समाजाच्या इतिहासात आपले स्थान मागता येईल.