चिखल्याचे मूल आणि इतिहासाचे पुस्तक

लहान मुलांस इतिहास व भूगोल शिकवावयाचा तो कोठून आरंभ करून, हा प्रश्न आपल्याकडे मराठी शाळांइतकाच जुना आहे. १८३२ च्या सुमारास बाळशास्त्री जांभेकरांनी ‘इंग्लंड देशाची बखर’ सिद्ध केली. म्हणजे कोकणातल्या मुलाने आपल्या गावची खाडी ओळखण्यापूर्वी थेम्स नदी ओळखावी, अशी त्या काळची तजवीज होती. बाळशास्त्र्यांस दोष देण्याचे कारण नाही. पुस्तके मुळीच नव्हती तेथे जे हाती आले ते त्यांनी मराठीत आणले. परंतु दूरचे आधी आणि जवळचे मागून, हा जो क्रम तेव्हा पडला तो पुढे फार काळ टिकला. बालभारतीने १९६७ नंतर तिसरीच्या मुलांस जिल्ह्याचा भूगोल दिला, ही मोठीच सुधारणा होय. तथापि सात-आठ वर्षांच्या मुलास जिल्हा हादेखील परदेशच वाटतो.

आज हीच पुस्तके ई-बालभारतीवर कोणासही फुकट वाचावयास मिळतात. पाठाजवळ छापलेल्या चौकटीवर भ्रमणध्वनी धरला की केंद्र सरकारच्या २०१७ साली निघालेल्या ‘दीक्षा’ मंचावरील चित्रफीत समोर उभी राहते. परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी ह्याच युक्तीचा आपल्या शाळेत उपयोग केला व २०२० साली त्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे वाचकांस ठाऊक आहेच. त्याच वर्षी महामारीने शाळांस कुलपे लागली तेव्हा ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ असे म्हणत सरकारने ह्याच साधनांवर भिस्त ठेविली. साधने उत्तम आहेत. प्रश्न एवढाच की, डहाणूहून बोर्डीकडे जाताना समुद्रकाठी लागणाऱ्या चिखले गावच्या मुलास त्यांत काय सापडते?

त्याला रायगड सापडतो, हडप्पा सापडते, प्रसंगी इजिप्तचे मनोरेही सापडतात. चिखले सापडत नाही. आणि चिखल्याच्या आसमंतात इतिहास थोडा आहे असे मात्र नाही. ह्याच डहाणू तालुक्यात चिंचणी येथे १९५५ साली काही ताम्रपट मिळाले. त्यांपैकी शके ८४८ च्या, म्हणजे इसवी सन ९२६ च्या पटात असे आढळते की, राष्ट्रकूट राजांच्या वतीने संयान, म्हणजे आजचे संजाण, ह्या मंडलावर मधुमती नावाचा एक ताजिक अंमलदार होता. ताजिक म्हणजे अरब. आणि मधुमती हे महंमद ह्या नावाचे संस्कृत रूप असावे, असे विद्वान मानतात. ह्या गृहस्थाने काय केले? दोन प्रवाहांवर लोकांसाठी फुकट नाव ठेविली, आणि एक अन्नसत्र घातले, ज्यात वाटसरूंस भात, कालवण व तूप मिळे. शिवाय त्याच्याच संमतीने एका देवीच्या मठास जमीन दिली गेली. हिंदू सम्राटाचा मुसलमान अधिकारी, आणि त्याच्या अमलात देवीच्या मठास दान! नऊ वर्षांच्या मुलास ह्याहून अधिक गोड आणि अधिक खरा धडा कोणता द्यावा? नावेचे भाडे न घेणारा राजपुरुष त्याला एका क्षणात कळेल. सनावळ्या मागाहून आल्या तरी चालतील.

बोर्डीनजीकच्या बहारोट लेण्यांत पारशांनी आपला पवित्र अग्नी बारा वर्षे जपला अशी परंपरा आहे. डहाणूचा किल्ला १७३९ च्या आरंभी मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतला. १९६० साली उंबरगाव तालुक्यातील अनेक गावे गुजरातेत गेली. आणि २०१४ साली सारा मुलूख ठाण्यातून निघून पालघर जिल्ह्यात आला. आजोबा, बाप आणि नातू, तिघांनी तीन वेगळे नकाशे पाठ केले. भूगोलाच्या तासाला ह्याहून चांगला विषय कोणता?

पण ह्या किनाऱ्याचे सर्वांत महत्त्वाचे वर्ष १९४५. त्या वर्षी ह्या भागात दोन गोष्टी घडल्या. मे महिन्यात झरी येथे परिषद होऊन वारल्यांनी वेठ न करण्याचा निश्चय केला. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी नवराबायकोने सावकाराकडे जन्मभर राबावे अशी जी लग्नगड्याची चाल होती, तीही त्यांनी झुगारली. गोदावरी व शामराव परुळेकर त्यांच्यासोबत होते. १० ऑक्टोबरला तलासरीनजीक तलवाडा येथे खोट्या निरोपावरून जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच माणसे पडली, त्यांत जेठ्या गांगड हा एक. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बोर्डीस ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र उघडले. अनुताई वाघ त्यांस येऊन मिळाल्या. मॉन्टेसरीबाईंची महाग साधने बाजूस ठेवून त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने ह्यांवर मुलांस शिकविले. मुले येईनात तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. १९५७ मध्ये केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, आणि गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात भरू लागली.

एका चळवळीने बापाचे हात मोकळे केले, दुसरीने मुलाचे डोके. मला ह्या दोन गोष्टी एकाच धड्यात हव्याशा वाटतात. आजवर त्या सहसा दोन निराळ्या मंडळींनी, एकमेकींकडे पाठ करून सांगितल्या. कोणी म्हणेल, गोळीबाराची हकीकत इतक्या कोवळ्या मुलांस का सांगावी? परंतु अफझलखानाचा कोथळा आपण चौथीत बिनदिक्कत सांगतो. पाड्यावरच्या मुलाने मात्र आपल्याच पणजोबाची गोष्ट मोठेपणी, बहुधा कोणा शहरी अभ्यासकाच्या तोंडून ऐकावयाची, हा न्याय मला समजत नाही.

साहित्य नाही असे नव्हे. १८८२ चे ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर आज घरबसल्या वाचावयास मिळते. मराठी विश्वकोशही तसाच खुला आहे. पण गॅझेटियर इंग्रजीत आहे, आणि ते वसूल गोळा करणाऱ्या सरकारच्या नजरेने लिहिलेले आहे. वारली त्यात माणूस म्हणून थोडा, जमात म्हणून फार दिसतो. ताम्रपटाचे वाचन पंडितांच्या खंडांत पडून आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे गोदावरीबाईंचे १९७० चे पुस्तक मोठ्यांसाठी आहे. ह्यांतून मुलांच्या मराठीत, आणि शक्य तेथे वारली बोलीत, चार-चार पानांचे पाठ कोणी तरी काढले पाहिजेत. हे काम मुंबई-पुण्याच्या मंडळाकडून होण्याची वाट पाहू नये. गावचा शिक्षक आणि पाड्यावरची म्हातारी ह्यांच्या दोन-चार बैठकींत ते होईल. मंच तयार आहे, चौकट छापता येते. चिखल्याच्या मुलाने ती उघडावी आणि आत त्याला नाव मिळावी: दहाव्या शतकातली, भाडे न घेणारी.