विमान प्रवासात बॅग तुटली तर काय करायचं? बेल्टपासून भरपाईपर्यंतची पूर्ण माहिती

बेल्टवर बॅग येते आणि एक चाक गायब असतं. किंवा ओढायचं हँडल आतच अडकलेलं असतं. कडक शेलची बॅग असेल तर कोपऱ्यापासून मधोमध चीर गेलेली असते. अशा वेळी बहुतेक जण "जाऊ दे, घरी जाऊन बघू" म्हणतात आणि बॅग उचलून कॅबकडे चालू लागतात. नेमकं इथेच सगळं अवघड होऊन बसतं.

कारण कायदाच तसा आहे. आंतरराष्ट्रीय विमान प्रवासासाठी १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो आणि भारत २००९ पासून त्यात सामील आहे. या कराराचं ३१ वं कलम सांगतं की तुम्ही काही तक्रार न करता चेक-इन केलेलं सामान ताब्यात घेतलं, तर ते चांगल्या अवस्थेत मिळालं असं प्रथमदर्शनी धरलं जाईल. म्हणजे नंतर उलटं सिद्ध करण्याची जबाबदारी तुमच्यावर येते. दार बंद होत नाही, पण उघडायला जास्त जोर लावावा लागतो. देशांतर्गत विमानांसाठीही आपल्याकडे हीच चौकट काही बदल करून वापरली जाते.

बॅग तुटते कशी?

चेक-इन काउंटरवरून बॅग आत गेली की ती अनेक बेल्ट, वळणं आणि उतारांवरून सॉर्टिंगला जाते, तिथून ट्रॉलीत आणि मग विमानाच्या पोटात. मोठ्या विमानांमध्ये बॅगा आधी कंटेनरमध्ये भरतात आणि कंटेनर आत सरकवतात. आपल्याकडच्या देशांतर्गत मार्गांवरच्या छोट्या विमानांमध्ये मात्र बऱ्याचदा कामगार गुडघ्यावर बसून, वाकून, एकेक बॅग हाताने रचतात. वेळ कमी, जागा कमी, ऊन डोक्यावर. म्हणून जे बाहेर आलेलं असतं ते आधी जातं: चाकं, हँडल, पट्टे, लॉक.

हे काम अनेक ठिकाणी विमान कंपनीचे लोक करत नाहीत, ग्राउंड हँडलिंगची वेगळी कंपनी करते. काउंटरवर "ते आमचं नाही, त्यांचं आहे" असं उत्तर मिळालं तर लक्ष देऊ नका. तुमचा करार विमान कंपनीशी आहे. सामान तिच्या ताब्यात असताना नुकसान झालं तर जबाबदारी तिचीच, मग बॅग प्रत्यक्षात कोणीही फेकलेली असो. यातून कंपनीला सूट मिळते ती मुख्यतः एकाच कारणाने: बॅगेतच मुळात दोष होता किंवा तिचा दर्जाच तसा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी भांडणं यावरच होतात.

फोन बाहेर काढा

बेल्टपाशी उभे असतानाच फोटो काढायचे, टॅक्सीत बसल्यावर नाही. पहिला फोटो लांबून घ्या, ज्यात बॅग आणि मागचा बेल्ट किंवा फ्लाइट नंबरचा स्क्रीन दिसेल. मग बॅगेचा टॅग जवळून. त्यावर बारकोडखाली दहा आकडे असतात आणि त्यातले दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंतचे आकडे हा त्या विमान कंपनीचा कोड असतो. हे दहा आकडे म्हणजे तुमच्या बॅगेची नंबर प्लेटच. मग तुटलेला भाग दोन-तीन कोनांतून. त्यानंतर बॅग उघडून आतल्या वस्तूंचे फोटो. मला सगळ्यात उपयोगी वाटतो तो एकच, न थांबवता घेतलेला अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ: बेल्ट, टॅग, तुटलेला कोपरा, परत टॅग. त्यात मध्ये काही बदललं असं कोणी म्हणू शकत नाही.

आता यातली तांत्रिक गोष्ट. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि लोकेशन चालू असेल तर जागाही साठवलेली असते. हाच फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ही माहिती निघून जाते. त्यामुळे घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो पुन्हा डाउनलोड करून कंपनीला पाठवू नका. गॅलरीतली मूळ फाइल ईमेलला जोडा, किंवा व्हॉट्सॲपवर पाठवायचीच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटोवर तारीख-ठिकाण छापणारे कॅमेरा ॲप चालतील, पण मूळ साधा फोटो सोबत हवाच. आणि निघण्यापूर्वी घरी किंवा चेक-इनच्या रांगेत धडधाकट बॅगेचा एक फोटो काढून ठेवा. दहा सेकंदांचं काम आहे, पण "बॅग आधीच अशी होती" या उत्तराला तोच तोडीस तोड जबाब.

एअरटॅगसारखा ट्रॅकर बॅग हरवली तर कामाला येतो. तुटण्याच्या बाबतीत त्याचा फारसा उपयोग नाही.

पीआयआर म्हणजे काय?

बेल्टच्या हॉलमधून बाहेर पडण्यापूर्वी विमान कंपनीच्या बॅगेज काउंटरवर जा आणि प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट, म्हणजे पीआयआर, मागा. त्यावर सहसा दहा अक्षर-अंकांचा नंबर मिळतो. पहिली तीन अक्षरं विमानतळाची (मुंबईसाठी बीओएम, पुण्यासाठी पीएनक्यू), पुढची दोन कंपनीची आणि मग पाच आकडे. जगातल्या बऱ्याच विमान कंपन्या या नोंदी वर्ल्डट्रेसर नावाच्या सिस्टिममध्ये करतात. नुसता तोंडी नंबर घेऊ नका, प्रत घ्या किंवा स्क्रीनचा फोटो काढा.

माझ्या स्वतःच्या बॅगेचं चाक एकदा बंगळूरहून पुण्याला येताना तुटलं होतं. काउंटरवरचा मुलगा अगदी नम्रपणे म्हणाला, "सर, व्हील्स कव्हर होत नाहीत." मी म्हटलं, "हरकत नाही, एवढंच कागदावर लिहून सही करून द्या." तो आत गेला, कोणाशी तरी बोलला आणि फॉर्म घेऊन आला. बॅग दुरुस्तीला गेली, नवं चाक लागून परत आली. 'लिहून द्या' या दोन शब्दांत जी ताकद आहे ती आवाज चढवण्यात नाही.

चाकं-हँडल भरपाईत येत नाहीत, असं अनेक कंपन्यांच्या अटींमध्ये लिहिलेलं असतं. पण कराराचं २६ वं कलम म्हणतं की कंपनीची जबाबदारी टाळणारी किंवा मर्यादा कमी करणारी अट रद्दबातल समजावी. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने तर २०१५ मध्ये कंपन्यांना बजावलं होतं की चाकं, हँडल, पट्टे सरसकट वगळता येणार नाहीत. ओरखडे, डाग, किरकोळ पोचे ही नेहमीच्या वापरातली झीज, त्यावर भांडण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. अख्खं चाक उपटून निघालं तर ती झीज नव्हे.

सात दिवस

पीआयआर झाला म्हणजे काम संपलं असं समजू नका. चेक-इन सामानाचं नुकसान झालं तर बॅग मिळाल्यापासून सात दिवसांच्या आत लेखी तक्रार जायला हवी. बॅग उशिरा आली असेल तर ही मुदत एकवीस दिवस. मुदतीत लेखी तक्रार नसेल तर पुढे दावाच चालत नाही, अपवाद फक्त कंपनीने लबाडी केली असेल तर. पीआयआर ही नोंद आहे, पैशांची मागणी नाही. म्हणून कंपनीच्या वेबसाइटवरच्या फॉर्ममधून आणि शिवाय ईमेलने, असं दोन्हीकडून पाठवा. फॉर्म भरल्यावर जो स्क्रीन येतो त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

उलट बाजूनेही हे उपयोगी आहे. माझी मावसबहीण मुंबईहून फ्रँकफर्टला शिकायला गेली तेव्हा तिची बॅग फुटून कुकरचं हँडल बाहेर आलं होतं. काउंटरवर लांबच लांब रांग आणि पुढची ट्रेन पकडायची होती. तिने फोटो काढले, ट्रेनमध्ये बसूनच कंपनीला ईमेल केला. पीआयआर नव्हता म्हणून आधी नकार आला, पण ईमेल त्याच दिवसाचा होता आणि सात दिवसांचा नियम दाखवल्यावर दावा मान्य झाला. म्हणजे काउंटर चुकलं तरी सगळं संपत नाही. पण शक्यतो चुकवू नका.

ईमेलमध्ये लांबलचक कहाणी नको. पीएनआर, फ्लाइट नंबर, तारीख, बॅग टॅगचे दहा आकडे, पीआयआर नंबर, काय तुटलं आणि किती रुपये हवेत, एवढंच. सोबत बोर्डिंग पास, फोटो आणि बॅगेचं बिल. बिल सापडत नसेल तर शॉपिंग ॲपच्या जुन्या ऑर्डर्समध्ये बघा, तिथून इन्व्हॉइस डाउनलोड होतं. बॅगा दुरुस्त करणाऱ्या दुकानातून लेटरहेडवर खर्चाचा अंदाज किंवा 'दुरुस्त होण्यासारखी नाही' असं लिहून आणलं तर उत्तमच.

किती पैसे मिळू शकतात?

देशांतर्गत प्रवासात केंद्र सरकारच्या २०१४ च्या अधिसूचनेनुसार कमाल मर्यादा प्रत्येक प्रवाशामागे २०,००० रुपये आहे. आंतरराष्ट्रीय प्रवासात ती २८ डिसेंबर २०२४ पासून १,५१९ एसडीआर झाली, आधी १,२८८ होती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक आहे. डॉलर, युरो, युआन, येन आणि पाउंड या पाच चलनांवरून त्याची किंमत ठरते आणि ती रोज बदलते. ढोबळमानाने ही मर्यादा दीड लाख रुपयांच्या बरीच वर जाते.

पण ही मर्यादा आहे, बक्षीस नाही. चार हजारांची, तीन वर्षं वापरलेली बॅग असेल तर कंपनी वापराची वजावट करून रक्कम देते.

आता एक गोष्ट, जी बऱ्याच जणांना माहीत नसते. समजा तुम्ही मुंबई-दिल्ली-फ्रँकफर्ट असं एकाच तिकिटावर जाताय. यात मुंबई-दिल्ली हा टप्पासुद्धा आंतरराष्ट्रीय प्रवासाचाच भाग धरला जातो, म्हणजे तिथे बॅग फुटली तरी मर्यादा एसडीआरची. तेच मुंबई-दिल्ली वेगळं तिकीट काढलं असेल तर त्या टप्प्याला २०,००० ची मर्यादा. स्वस्त पडतं म्हणून दोन तिकिटं काढताना हा हिशेबही धरा. आणि एकाच तिकिटावर दोन-तीन कंपन्यांची विमानं असतील तर पहिली कंपनी, शेवटची कंपनी किंवा जिच्याकडे नुकसान झालं ती कंपनी, यांपैकी कोणाकडेही मागणी करता येते. "त्यांच्याकडे जा" हे उत्तर इथेही चालत नाही.

लॅपटॉप, कॅमेरा, दागिने, रोकड चेक-इन बॅगेत टाकू नका. कंपन्यांच्या अटी या वस्तूंची जबाबदारी घेत नाहीत आणि वाद घालत बसण्यापेक्षा पाठीवरच्या सॅकमध्ये ठेवलेलं बरं. विमान भरलं म्हणून गेटवर केबिन बॅग मागितली तरी हेच: टॅग लावून ती ताब्यात घेतली की ती चेक-इन बॅग झाली, त्याआधी लॅपटॉप, औषधं आणि पॉवर बँक काढून घ्या. पॉवर बँक तर नियमानेच खाली जाऊ शकत नाही.

आंब्याची पेटी, लोणच्याची बरणी, तबला असं काही देताना काउंटरवर 'लिमिटेड रिलीज' टॅगवर सही मागतात. सही करण्यापूर्वी कुठल्या चौकटीवर खूण केली आहे ते वाचा. नाजूक वस्तू, अपुरं पॅकिंग, आधीच नुकसान झालेलं, अशा वेगवेगळ्या चौकटी असतात. बॅग धड असताना 'आधीच नुकसान' वर खूण असेल तर ती तिथेच बदलून घ्या.

कंपनीने पैसे किंवा नवी बॅग देऊ केली तर कागदावर 'पूर्ण व अंतिम' अशा अर्थाचे शब्द आहेत का बघा. सही केली की पुढचा हक्क संपला. साधी बॅग असेल तर माझं मत, घ्या आणि मोकळे व्हा. आतली महागडी वस्तू फुटली असेल तर घाई करू नका.

कंपनी दाद देत नसेल तर

कॅनडाचा गायक डेव्ह कॅरोल याची गिटार २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात तुटली. त्याने चोवीस तासांत दावा केला नाही म्हणून कंपनीने भरपाई नाकारली. २००९ च्या जुलैमध्ये त्याने यूट्यूबवर त्यावर गाणंच टाकलं आणि ते जगभर पाहिलं गेलं. प्रत्येकाला गाणं जमेलच असं नाही, पण आपल्याकडे सरळ मार्ग आहेत.

आधी कंपनीच्या वेबसाइटवर दिलेल्या नोडल अधिकाऱ्याला, मग अपील अधिकाऱ्याला लिहा. त्यानंतर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या एअरसेवा पोर्टलवर किंवा ॲपवर तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. शेवटचा मार्ग जिल्हा ग्राहक आयोग: २०१९ च्या कायद्यामुळे तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, ती ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन भरता येते, वकील सक्तीचा नाही आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची आहे. प्रवास विमा असेल तर तिथेही पीआयआरची प्रत मागतात.

एक्सवर तक्रार टाकताना बोर्डिंग पास आणि टॅगचे फोटो झाकूनच टाका. पीएनआर आणि आडनाव मिळालं की कोणीही तुमचं बुकिंग उघडू शकतो. आणि पोस्ट टाकल्यावर काही मिनिटांत "आम्ही कस्टमर केअर, नंबर पाठवा" असा मेसेज आला तर सावध राहा. असे खोटे अकाउंट अशा पोस्टवरच टपून असतात. नंबर नेहमी कंपनीच्या ॲपमधूनच घ्या, गूगलवर शोधून नाही. भरपाई जमा करायला यूपीआय पिन लागत नाही, स्क्रीन शेअर करावा लागत नाही, कुठलं ॲपही टाकावं लागत नाही. कोणी मागितलं तर फोन ठेवून द्या आणि पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर फोन करा.