एल.एम.पी. डॉक्टर कुठे गेले?

परवा माळा आवरताना आजोबांची हिशोबाची वही सापडली. साल १९५१. दूध, घासलेट, कुणाच्या तरी लग्नाचा आहेर, आणि मधेच एक नोंद: 'एल.एम.पी. डॉक्टर, २ रुपये'. बाबांना विचारलं, हे एल.एम.पी. म्हणजे काय? म्हणाले, "चार वर्षांचा कोर्स असायचा. आपल्या गावात तेवढा एकच डॉक्टर होता." झालं, वीकएंड त्यातच गेला!

इंग्रजांच्या काळात डॉक्टर दोन प्रकारचे होते. कॉलेजातून निघालेले पदवीधर, आणि मेडिकल स्कूलमधून निघालेले परवानाधारक, म्हणजे हे एल.एम.पी. पुण्याचं बी.जे. सुद्धा आधी मेडिकल स्कूलच होतं, १९४६ मध्ये त्याचं कॉलेज झालं.

हे १९४६ साल महत्त्वाचं आहे. त्याच वर्षी भोर समितीचा अहवाल आला. (नाव ऐकून मला कुणीतरी साहेब वाटला होता, पण सर जोसेफ भोर जन्माने आपल्या नाशिकचे!) समितीने मोजदाद केली, तेव्हा अख्ख्या देशात डॉक्टर होते साधारण ४७,५००. म्हणजे ६,३०० माणसांमागे एक. नर्सेस फक्त ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. आणि त्या डॉक्टरांपैकी जवळजवळ दोन तृतीयांश एल.एम.पी. होते.

तरीही समितीने सुचवलं की यापुढे एकाच दर्जाचा डॉक्टर तयार करायचा, पदवीधर. मेडिकल स्कूल्स हळूहळू बंद झाली किंवा त्यांची कॉलेजं झाली.

आता समितीला शिव्या घालणं सोपं आहे, पण त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. शिकवणारे मोजकेच, मग दोन-दोन कोर्स कशाला चालवायचे? शिवाय एल.एम.पी.वाल्यांना आयुष्यभर दुय्यम वागणूक मिळायची, त्यांनाच ही शिडी नको होती. खेड्यातल्या माणसाला कमी शिकलेला डॉक्टर का, हाही प्रश्न होताच. पण काही सदस्यांनी तेव्हाच वेगळं मत नोंदवलं होतं, की पुरेसे डॉक्टर होईपर्यंत तरी हा कोर्स चालू ठेवा. आमच्या भाषेत सांगायचं तर नवी सिस्टिम लाईव्ह जायच्या आधीच जुनी बंद केली. असं केल्यावर काय होतं ते आयटीवाल्यांना सांगायला नको :)

झालं असं की पदवीधर शहरात राहिले आणि खेड्यातली जागा रिकामीच राहिली. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. त्यांनी आधी गावोगावी नर्स ठेवून पाहिल्या, पण त्यांनाही गावात राहायचं नव्हतं. मग गावातल्याच बायकांना शिकवलं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. बाळंतपण, जुलाब, लसीकरण हे सगळं त्या सांभाळू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे मिळालं. पुढे गडचिरोलीत बंग दांपत्याने गावातल्या आरोग्यदूतांना नवजात बाळांची काळजी शिकवली, अगदी अँटिबायोटिकचं इंजेक्शन देण्यापर्यंत. ३९ गावांत तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं.

२००५ मध्ये सरकारने हीच कल्पना उचलली आणि 'आशा' आल्या. आज देशभर सुमारे दहा लाख आहेत. पण एक फरक बघा. एल.एम.पी.ला परवाना होता, पाटी होती, आजोबांच्या वहीतले २ रुपये होते. आशाताईला आपण 'स्वयंसेविका' म्हणतो आणि कामागणिक मोबदला देतो. २०२३ मध्ये महाराष्ट्रात त्या संपावर गेल्या, त्या याच पैशांसाठी.

मधला दर्जा परत आणायचा प्रयत्नही झाला. २०१९ च्या वैद्यकीय आयोग कायद्यात मर्यादित परवान्याची तरतूद आली, आणि देशभर डॉक्टर रस्त्यावर उतरले. वादातले मुद्दे वाचताना सारखं वाटत होतं की अरे, हे तर १९४६ चंच भांडण!

असो. रात्री काकांना गावी फोन केला, सध्या डॉक्टर कोण म्हणून. डॉक्टर सोळा किलोमीटरवर. "पण आशाताई आहेत ना," काका म्हणाले, "माझी बीपीची गोळी संपली की त्याच आठवण करतात."